आलोन मालवणी बोलली तेव्हा

साडेपाचशे मुलांनी भरलेल्या सभागृहात मी एकटीच हसले.

पडद्यावर एक म्हातारा होडीत बसून जाळ्याचा गुंता सोडवत होता. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "या खाडीतले मासे माझ्या बायकोला घाबरतात. मी एकटा आलो की खुशाल झोपा काढतात." म्हणाला अर्थात तागालोगमध्ये, फिलिपिन्सच्या भाषेत. सभागृहात ते कोणालाही कळण्याचं कारण नव्हतं. मला मात्र फस्सकन हसू आलं, आणि तोंडावर हात दाबायच्या आत ते बाहेर पडलं.

पुढच्या रांगेतली गार्गी मागे वळली. "ए चायना, तुला काय झालं?"

मी मान खाली घातली. पण भिंतीला टेकून उभ्या असलेल्या परुळेकर बाईंनी मला हसताना बघितलं होतं.

तो २००९ सालचा डिसेंबर. वेंगुर्ल्यात पहिल्यांदाच मुलांचा चित्रपट महोत्सव आला होता. पुण्याची एक संस्था गाडीत प्रोजेक्टर, स्पीकर आणि भलामोठा पडदा घालून गावोगाव फिरायची. देशोदेशींचे चित्रपट दाखवायची, आणि चित्रपट चालू असताना त्यांचा माणूस बाजूला बसून माइकवर मराठी संवाद वाचायचा. चार शाळांची पाचवी ते सातवीची मुलं जाजमांवर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मी सातवीत होते. खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली, बाहेर दुपारचं ऊन, आत घामाचा आणि चिवड्याचा वास.

संवाद वाचणारा अमेयदादा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. चित्रपट सुरू झाला तेव्हा त्याने लिफाफा फोडून कागद काढले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. पुण्याहून भलत्याच चित्रपटाची संहिता आली होती. चित्रपटाच्या दोन तबकड्या त्या दिवशी सकाळीच कुरिअरने पोचल्या होत्या. चित्र दिसतंय, आवाज येतोय, एवढंच त्याने तपासलं होतं. पडद्याखाली इंग्रजी ओळी तरी असतील अशी आशा होती. त्याही नव्हत्या.

दहा मिनिटं मुलांनी कळ काढली. मग शिट्ट्या सुरू झाल्या.

"मायुमी, इकडे ये," बाईंनी हात केला.

मी उठले. गार्गी आणि तिच्या मैत्रिणी खुसखुसल्या. बाई मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. तिथे अमेयदादा खांबाला टेकून फोनवर कोणाला तरी म्हणत होता, "बंद करतो मग. स्वच्छतेवरचा माहितीपट आहे माझ्याकडे, तोच लावतो."

"थांबा जरा," बाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुला कळतंय ते काय बोलतायत?"

"नाही बाई."

"मग हसलीस कशाला?"

"असंच."

"मायुमी, तू असंच हसणारी मुलगी नाहीस. दोन वर्षांत मी तुला वर्गात हसताना बघितलेलं नाही."

मी का नाही म्हणत होते, ते बाईंना माहीत नव्हतं.

माझे वडील बोटीवर होते. लग्नाआधी त्यांची बोट फिलिपिन्समध्ये बातांगास बंदराला लागली होती, आणि बंदराजवळच्या एका खानावळीत वाढपाचं काम करणारी मारिसेल त्यांना भेटली. ती माझी आई. लग्न करून ती वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत आली, मासे कापायला आधीच शिकलेली होती, मालवणी ती घरातल्या आत्याकडून शिकली. मी जन्मले तेव्हा नाव तिने ठेवलं. तिच्या भाषेत मायुमी म्हणजे मऊ स्वभावाची. ती माझ्याशी तागालोगमध्ये बोलायची, मीही तिच्याशी तसंच बोलायचे. तिकडची मुलं आईला 'नानाय' म्हणतात, आणि लाडात नुसतं 'नाय'. आमच्या मालवणीत आई म्हणजे आवस, मुलगी म्हणजे चेडू, आणि 'नाय' म्हणजे नाही. मी सारखी 'नाय, नाय' करत तिच्या मागे फिरायचे आणि आत्या शेजारणींना सांगायची, "आमच्या चेडवाचा बघा, आवशीक हाक मारता की नको म्हणता, काय्येक समजणा नाय."

पाचवीला मी शहरातल्या मोठ्या शाळेत आले. वाडीपासून सहा किलोमीटर, आणि वाडीतलं दुसरं कोणी त्या शाळेत नव्हतं. पहिल्या दिवशी आई सोडायला आली. फाटकाशी तिने मला जवळ घेतलं आणि तिच्या भाषेत चार वाक्यं बोलली. मागे उभ्या असलेल्या मुलींनी बोटांनी डोळे ताणून तिची नक्कल केली. त्यात गार्गी होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गार्गीने विचारलं, "काल आली होती ती कोण?"

"आमच्याकडे कामाला आहे," मी म्हणाले.

"आणि तुझी आई?"

"वारली."

एका आठवड्यात ते परुळेकर बाईंपर्यंत पोचलं. प्रवेशाच्या फॉर्मवर आईचं नाव होतं, पण ती जिवंत आहे का, असा रकाना फॉर्मवर नसतो. त्यानंतर बाई माझ्याशी फार मायेने वागायला लागल्या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या वेण्या घातल्या. मी घरी येऊन सांगितलं की पालकसभेला आत्याच येऊ दे, नानायला बाईंचं मराठी समजणार नाही. आई 'बरं' म्हणाली. त्याच सुमाराला मी घरात तागालोग बोलणं सोडलं. ती तिच्या भाषेत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे.

आणि तरीही मुलं मला 'चायना' म्हणतच राहिली. चेहरा काही मला बदलता येणार नव्हता.

तर त्या व्हरांड्यात मी उभी होते. आतून मुलांच्या टाळ्या ऐकू येत होत्या, चित्रपट बंद करा म्हणून वाजवतात त्या टाळ्या. आणि मला एकच वाटत होतं, की त्या मुलीचं पुढे काय होणार. दहा मिनिटांत जेवढं बघितलं होतं त्यात आलोन नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. ती गुणगुणली की जमिनीतून मुळं वर यायची. नकळत गुणगुणली तरी यायची. तिच्या गुणगुणण्याने गावातलं एक घर उलटलं होतं, आणि तेव्हापासून गावाने तिला आजोबांसकट खाडीच्या चिखलात हाकलून दिलं होतं.

"माझी आई तिकडची..." मी म्हणाले आणि थांबले.

बाई खाली वाकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी आई तिकडची होती? मला माहीत नव्हतं गं."

"आहे," मी म्हणाले.

"काय?"

"आहे, बाई. माझी आई आहे."

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मला वाटलं आता सगळं संपलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "ते आपण नंतर बोलू. आधी मला सांग, तो म्हातारा काय म्हणाला?"

मी सांगितलं. बाई हसल्या. अमेयदादाने फोन बंद करून खिशात टाकला.

"चल," तो म्हणाला. "माइक धरायचा हनुवटीपाशी, तोंडाला चिकटवायचा नाही. चुकलीस तरी थांबायचं नाही. पुढचं वाक्य पकडायचं."

"मला नाही येणार."

"मला तर एक शब्दही येत नाही. तू त्या मानाने बरीच पुढे आहेस."

त्याने चित्रपट पहिल्यापासून लावला. पडद्याशेजारी एक स्टूल होतं, त्यावर मला बसवलं. मुलांना मी दिसत होते. कुजबुज पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेली. मी पहिली वाक्यं बोलले. "आजोबा, मला क्षमा करा. मी मुद्दाम असे केले नाही." धडा वाचल्यासारखं. मागून कोणीतरी ओरडलं, "झोप येतेय!" आणि सगळे हसले.

अमेयदादा माझ्या कानाशी वाकला. "घरी असं बोलता का तुम्ही?"

"नाही."

"मग घरी बोलतेस तसं बोल की."

पडद्यावर आजोबा आलोनला रागावत होते. मला आत्या दिसायला लागली, कमरेवर हात ठेवून चुलीपुढे उभी. मी तिच्या आवाजात म्हणाले, "काय गो बाये, खंय गेल्लंस? आणि त्या झाडाक हात लावू नको सांगललंय ना? आदीच एक घर उपटलंस, आता माजी होडी पन उपटशीत!"

सभागृहात हशा फुटला. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. सातासमुद्रापलीकडचा तो म्हातारा त्यांच्या वाडीतल्या आजोबांसारखा बोलत होता. मी पुढचं वाक्य पकडलं, मग त्याच्या पुढचं. म्हाताऱ्याला जाड आवाज दिला, सरपंचाला नाकातला. होडी आणि मासे आले तेव्हा मी माशांचा विनोद सांगितला, "ह्ये माशे माज्या बायलेक भियतत!" आणि या वेळी माझ्याबरोबर साडेपाचशे जण हसले.

आलोनला मी वेगळा आवाज दिला नाही. ती माझ्याच आवाजात बोलत होती.

अर्ध्या तासाने तो प्रसंग आला. आलोन पाणी भरायला गावच्या विहिरीवर येते. गावातली मुलं तिला घेरतात, चिखलाचे गोळे मारतात आणि एकच शब्द ओरडतात: आस्वांग, आस्वांग. मला तो शब्द माहीत होता. चेटकीण, हडळ, माणसांचं रक्त पिणारी. लहानपणी मला भीती घालायला आई आस्वांगच्या गोष्टी सांगायची.

पडद्यावरची मुलं ओरडत होती आणि माइक माझ्या हनुवटीपाशी होता. 'चेटकीण' हा शब्द जिभेवर आला होता. समोर गार्गी बसली होती, तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत.

मी म्हणाले, "चायना! ए चायना!"

चिखलाचा गोळा आलोनच्या गालावर बसला.

"चायना! हयसून चल! चायना!"

सभागृहात कोणी हसलं नाही. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. सातवीच्या रांगांमधली एक एक मान खाली जात होती आणि ती मला पडद्याच्या उजेडात दिसत होती. गार्गीची मान खाली गेली नाही. ती माझ्याकडे बघत होती. पडद्यावरची मुलं थांबेपर्यंत मी थांबले नाही.

आलोन चिखल पुसून कळशी उचलते आणि आजोबांकडे परत येते. आजोबा विचारतात, डोळे का लाल झाले? ती म्हणते, पाणी गेलं डोळ्यात. मी तेही सांगितलं.

तिथे पहिली तबकडी संपली. अमेयदादाने दिवे लावले. "दहा मिनिटं! पाणी पिऊन या!"

मुलं उठली, पण रोजचा गोंगाट नव्हता. मी स्टुलावरच बसून होते. अमेयदादाने दुसरी तबकडी घातली आणि सुरुवात तपासायला दोन मिनिटं चालवून बघितली. पडद्यावर एक जख्ख म्हातारी आली. खाडीच्या मुखाशी बसून ती सुरात काहीतरी म्हणत होती. आलोन तिच्यापुढे गुडघे टेकून बसली होती.

"काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

मी कान देऊन ऐकलं. शब्द ओळखीचे वाटत होते आणि हाताला लागत नव्हते. जुन्या वळणाची भाषा होती ती, गाण्यातली.

"कळत नाही," मी म्हणाले.

"थोडंसुद्धा?"

"हे आईलाच कळेल."

माझ्या तोंडून ते गेलं आणि मग परत घेता येईना. बाई मागेच उभ्या होत्या. "आई कुठे आहे आत्ता?"

"काजूच्या फॅक्टरीत. बाजारामागे."

बाईंनी पर्समधून आपला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

मी नंबर लावला. पलीकडून यंत्रांचा आवाज आला, मग आईचा. मला मराठीत काय बोलावं सुचेना. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या भाषेत बोलले. "नाय... नाय, मी आहे... नाय, ऐक ना..."

बाईंचा चेहरा उतरला. "नाही म्हणतायत का त्या?"

"नाही बाई! म्हणजे, 'नाय' म्हणजे आई!"

फोनमध्ये आई म्हणाली, "परत बोल." मी परत सांगितलं, सभागृहात ये, एक गाणं आहे, मला येत नाही. शिपाईकाकांना बाईंनी आधीच मोटारसायकल घेऊन पाठवलं होतं.

ती आली तेव्हा तिच्या डोक्याला फॅक्टरीतला रुमाल बांधलेला होता आणि बोटं काजूच्या चिकाने काळी झाली होती. व्हरांड्याच्या पायरीवर ती थांबली. वर यायला तयार होईना. मीच खाली उतरले.

"किती मुलं आहेत आत?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

"साडेपाचशे."

"तुझ्या वर्गातली?"

"तीही आहेत."

तिने रुमाल सोडला, घडी केली, परत उलगडला. "मग मी आत येऊन कसं चालेल? त्यांना तू सांगितलंयस ना, की मी गेले."



"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बाई आत्याला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, वाईट झालं. दोन वर्षं झाली त्याला. आत्याने तिथे तुझी लाज राखली, पण घरी येऊन इतकी चिडली, तुला बदडायलाच निघाली होती. मी म्हटलं, राहू दे. त्या वर्गात रोज तिला बसायचंय, मला नाही."

फॅक्टरी सुटली की ती बाजारातून न येता मागच्या पाणंदीने का यायची, ते मला त्या पायरीवर कळलं. ती वाट दुप्पट लांब आहे. मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

"नाय," मी म्हणाले. मी मनगटाने डोळे पुसले.

"रडू नकोस. आवाज बसेल. माइकवर बोलायचंय ना तुला?"

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या आणि आईपुढे हात जोडले. "मी परुळेकर. मायुमीच्या वर्गशिक्षिका. तुम्हाला भेटायचं राहूनच गेलं होतं."

आईने काळी बोटं साडीत लपवत नमस्कार केला. "मी मारिसेल," ती म्हणाली.

अमेयदादाने दुसरं स्टूल ठेवलं. मुलं आपापल्या जागी बसत होती. आम्हा दोघींना पडद्याशेजारी बघून पुन्हा कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "ही ती कामवाली ना गं?"

मी माइक घेतला. दिवे अजून चालू होते.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं. पुढचा भाग आम्ही दोघी सांगणार."

एवढंच बोलले. जास्त बोलता आलं असतं असं मला आजही वाटत नाही. दिवे गेले.

म्हातारी गायला लागली. आई ऐकत होती, ओठ हलवत होती. मग तिने माइक माझ्या हातातून घेतला. मला वाटलं होतं ती मला सांगेल आणि मी मराठीत बोलेन. पण ती स्वतःच बोलायला लागली, तिच्या मोडक्यातोडक्या मालवणीत, 'तो' आणि 'ती'ची गल्लत करत. "जी पोर गावान टाकली, ती चिखलान घेतली. चिखल तिचो आवस. चिखलात पाय रोवता कसो, ता शिक. वारो येतलो. पाणी येतला. तेवा गाव तुका शोधतला. भियाव नको, चेडवा."

एक मुलगा खिदळला.

"श्शू!" कोणीतरी त्याला दटावलं. ती गार्गी होती.

म्हातारीचं सगळं बोलणं आईने सांगितलं, आलोनचं मी. ती शिकवत होती, मी शिकत होते. मुळं कशी बोलवायची, आणि नको तेव्हा कशी थोपवायची. एकदा आलोन चुकीचा सूर लावते आणि म्हातारीचीच झोपडी हवेत उचलली जाते. तेव्हा पडद्यावरची म्हातारी ओरडली ते आईने इतक्या अस्सल आत्याच्या थाटात सांगितलं की मी माइक धरूनच हसत सुटले, आणि मुलं आमच्या दोघींवर हसली. आईसुद्धा हसली. लोकांसमोर तिला तसं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

मग वादळ आलं. फिलिपिन्सचं वादळ काय असतं ते आईने बघितलेलं होतं. पडद्यावर समुद्र गावाच्या दिशेने उठला, माणसं छपरांवर चढली, आणि आईचा आवाज बदलला. ती आता चित्रपट सांगत नव्हती, आठवत होती. "माडावर चडा! वर! पोरांका बांदून घ्या!" सभागृहातली लहान मुलं खरोखरच एकमेकांना घट्ट धरून बसली.

आलोन खाडीच्या मुखाशी एकटी उभी राहते. ती पळून जाऊ शकली असती. आजोबा ओरडून तिला तेच सांगत होते. ती डोळे मिटते आणि गुणगुणायला लागते. चिखलातून एक मूळ वर येतं. मग दहा. मग सगळा किनारा हलतो आणि कांदळवनाची भिंत समुद्रापुढे उभी राहते, मुळात मूळ अडकवून, माडाइतकी उंच. लाट तिच्यावर आदळते.

त्या दृश्यात संवाद नव्हते. आम्हाला काही बोलायचंच नव्हतं. पण सभागृहात मागून कोणीतरी ओरडलं, "आलोन!" मग डावीकडून, मग पुढून. "आलोन! आलोन!" साडेपाचशे मुलं उभी राहून तिला बळ देत होती, जाजमांवर पाय आपटत होती. शिपाईकाका ओरडत होते. परुळेकर बाई ओरडत होत्या. अमेयदादा प्रोजेक्टर सोडून पुढे आला होता. लाट फुटली आणि गावाच्या वेशीशी येऊन फेस होऊन विरली, तेव्हा जो आवाज झाला तो मी त्यानंतर कुठल्याच सभागृहात ऐकला नाही.

शेवटी गावातली माणसं छपरांवरून उतरून चिखलात येतात. ज्या मुलाने पहिला गोळा मारला होता तो पुढे येतो आणि विचारतो, "तुझं नाव काय? आम्ही कधी विचारलंच नव्हतं." आलोन नाव सांगते. मी ते सांगितलं आणि दिवे लागले.

मुलं बाहेर जायच्या ऐवजी आमच्याकडे आली. सगळ्यांना आईला काहीतरी विचारायचं होतं. तिकडे नारळ असतात का, मासे कुठले मिळतात, वादळात तुम्ही खरंच माडावर चढला होता का. आई प्रत्येकाला उत्तर देत होती. तिच्या वाक्यांतले 'तो' आणि 'ती' मुलं आपणहून दुरुस्त करत होती आणि ती मान डोलावून परत म्हणत होती.

गार्गी गर्दी कमी होईपर्यंत थांबली. मग माझ्याजवळ आली.

"ते 'चायना' पिक्चरमध्ये होतं?"

"नाही."

"काय होतं मग?"

"आस्वांग. म्हणजे चेटकीण."

"मग चेटकीण म्हणायचंस ना."

"मला तुम्ही चेटकीण कुठे म्हणता?"

ती फ्रॉकच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग माझ्या आईपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, मी शाळेच्या फाटकाशी तुमची नक्कल केली होती. पाचवीत असताना." आईला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण तिने गार्गीच्या गालाला हात लावला. काळा डाग उमटला. गार्गीने तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेयदादा आमच्या वाडीत हजर. पुण्याहून बरोबर संहिता आली होती, कुरिअरने, मराठीत टाइप केलेली. त्याने ती आत्याच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "ही वाचून दाखवली तर मुलं मला मारतील. पुढचे अकरा खेळ आहेत. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, पार देवगडपर्यंत. तुम्ही दोघी येता का?"

"चेडवाची शाळा?" आत्याने विचारलं.

"परुळेकर बाईंनी परवानगी दिली आहे. लेखी."

आईने फॅक्टरीतून रजा घेतली. अकरा गावं आम्ही त्या गाडीतून फिरलो, प्रोजेक्टरच्या खोक्याशेजारी बसून. गाडीत आम्ही दोघी तागालोगमध्येच बोलायचो. दोन वर्षांचं बोलणं साठलं होतं. प्रत्येक गावात खेळाआधी मी माइक घेऊन सांगायचे, मी मायुमी गिरप आणि ही माझी आई. आई बाजूला उभी राहून नुसती हसायची.

शेवटचा खेळ देवगडला होता. नऊशे मुलं, मैदानात मांडव घातलेला, पुढच्या रांगेत तहसीलदार. मी नेहमीसारखी माइककडे गेले. आईने माझ्या आधी तो उचलला. रुमाल नाही, चांगली निळी साडी, केसांत आत्याने माळलेला अबोलीचा वळेसर. तिने माइकवर दोनदा फुंकर मारली.

"मी मारिसेल," ती म्हणाली. नऊशे मुलं शांत झाली. "मी ह्या चेडवाची आवस."